लॅरी डोबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये आधुनिक काळात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणजे जॅकी रॉबिन्सन; त्याचं नाव बेसबॉल न बघणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं. त्याच्या मागोमाग, त्याच वर्षी त्याच वाटेने आलेल्या लॅरी डोबीबद्दल मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंत्याचे नंतर. एका उत्तरात आलेला मजकूर दुसऱ्यात टाळण्यासाठी जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. लॅरी डोबी कोण होता? दोन-चार वाक्यांत सांगा.

अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या लीग दोन, नॅशनल आणि अमेरिकन; त्यांतली ही एक) खेळलेला पहिला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. क्लीव्हलंड इंडियन्स या संघाकडून ५ जुलै १९४७ रोजी तो पहिल्यांदा मैदानात उतरला आणि १९५९ पर्यंत खेळला. मधल्या काळात तो सलग सात वर्षं ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडलेला) होता, दोनदा लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले आणि १९४८ ची वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकणाऱ्या संघाचा सेंटर फिल्डर होता. १९९८ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, समावेश झाला.

संघाच्या नावातल्या 'इंडियन्स'चा भारताशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासींवरून ते नाव पडलं होतं. २०२२ पासून हा संघ क्लीव्हलंड गार्डियन्स या नावाने खेळतो.

२. आम्हाला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. आउटफिल्डर म्हणजे काय आणि हे आकडे वाचायचे कसे?

बेसबॉलच्या मैदानात चार बेसांचा चौकोन असतो. त्याच्या पलीकडच्या मोकळ्या गवतात तीन क्षेत्ररक्षक उभे राहतात: लेफ्ट, सेंटर आणि राइट फिल्डर. हे तिघे आउटफिल्डर. त्यातल्या मधल्याकडे, सेंटर फिल्डरकडे, सर्वांत मोठा टापू असतो. त्याला वेग लागतो, उंच चेंडूचा अंदाज लागतो आणि लांबून फेकायला हातात जोर लागतो. डोबीची मुख्य जागा हीच.

आकड्यांपैकी तीन लक्षात ठेवले तरी हे पान नीट वाचता येईल. बॅटिंग सरासरी म्हणजे दर संधीमागे किती वेळा फटका मारून बेस गाठला त्याचं प्रमाण. ते .३०० च्या वर गेलं की बॅटर उत्तम मानला जातो. होम रन म्हणजे साधारणपणे कुंपणापलीकडे गेलेला फटका. आरबीआय म्हणजे त्या बॅटरमुळे संघाच्या खात्यात पडलेल्या धावा. त्या काळी एका हंगामात १५४ सामने असत.

३. तो मूळचा कुठला? बेसबॉलकडे कसा वळला?

जन्म १३ डिसेंबर १९२३, साउथ कॅरोलायनातल्या कॅम्डेन गावचा. वडील घोड्यांची देखभाल करायचे आणि बेसबॉलही चांगला खेळायचे, पण लॅरी लहान असतानाच ते गेले. पोटापाण्यासाठी आई उत्तरेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनला घरकाम करत होती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास लॅरी तिच्याकडे आला.

पॅटरसनच्या ईस्टसाइड हायस्कूलमध्ये तो बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल आणि धावणं असे चार खेळ शाळेसाठी खेळला. शाळेत गोरी मुलंही होती. दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या तुलनेत त्याचं पॅटरसनमधलं बालपण पुष्कळ मोकळं गेलं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे नौदलात भरती झाल्यावर कृष्णवर्णीयांना वेगळ्या छावणीत ठेवलेलं पाहून त्याला बसलेला धक्का यातूनच समजतो.

४. जुन्या यादीत 'लॅरी वॉकर' असं नाव दिसतं. तो हाच का?

हाच. १९४२ मध्ये, कॉलेजात जाण्याआधी, तो निग्रो लीगमधल्या (मोठ्या लीगमध्ये बंदी असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग) न्यूअर्क ईगल्स संघाकडून खेळू लागला. पैसे घेऊन खेळल्याचं उघड झालं असतं तर कॉलेजात हौशी खेळाडू म्हणून खेळण्याचा हक्क गेला असता. म्हणून खोटं नाव. १९९० च्या दशकात गाजलेला लॅरी वॉकर नावाचा कॅनेडियन आउटफिल्डर वेगळा. शोधताना दोघांची गल्लत करू नका.

त्यानंतर दुसरं महायुद्ध आलं. डोबी अमेरिकेच्या नौदलात गेला आणि पॅसिफिकमधल्या उलिथी बेटापर्यंत पोहोचला. १९४६ मध्ये परत येऊन तो पुन्हा ईगल्सकडून दुसऱ्या बेसवर खेळला. त्या वर्षी ईगल्सनी कॅन्सस सिटी मोनार्क्सना सात सामन्यांच्या लढतीत हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. संघात त्याच्या जोडीला माँटी अर्विन होता. तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

५. क्लीव्हलंडने त्याला कसं मिळवलं? पैसे दिले का?

दिले, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. क्लीव्हलंडचा मालक बिल व्हेक याने ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांच्याशी बोलणी करून १०,००० डॉलर दिले. डोबी संघात टिकला तर आणखी ५,००० द्यायचं ठरलं. एफाबाईंना ही रक्कम फारच कमी वाटली. असाच गोरा खेळाडू असता तर तुम्ही कितीतरी पट मोजले असते, हे त्यांनी व्हेकला तोंडावर सुनावलं. तरीही रॉबिन्सनच्या वेळी ब्रुकलिन डॉजर्सनी त्याच्या निग्रो लीगमधल्या संघाला एक डॉलरही दिला नव्हता. व्हेकने निदान त्या संघाशी करार केला.

एफा मॅन्ली यांचं नाव लक्षात ठेवा. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेली ती पहिली स्त्री.

६. ५ जुलै १९४७ रोजी नेमकं काय घडलं?

४ जुलैला डोबी न्यूअर्कमध्ये ईगल्सकडून शेवटचा खेळला. रात्री आगगाडीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये क्लीव्हलंडच्या ड्रेसिंग रूममध्ये होता. मधे एक रात्र, एवढीच तयारी.

कर्णधार-व्यवस्थापक लू बूद्रो याने त्याला एकेका खेळाडूसमोर नेऊन ओळख करून दिली. काहींनी हात मिळवला, काहींनी बळेच, आणि काहींनी मिळवलाच नाही. मैदानावर सराव सुरू झाला तेव्हा प्रत्येकाला जोडीदार होता, डोबी एकटा उभा होता. शेवटी दुसऱ्या बेसवरचा जो गॉर्डन पुढे आला आणि त्याच्याशी चेंडू फेकाफेकी करू लागला. डोबी ज्या जागेसाठी आला होता ती गॉर्डनचीच जागा. त्या दिवशी सर्वांत आधी ज्याला असुरक्षित वाटायला हवं होतं, तोच पुढे आला. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली.

सातव्या इनिंगमध्ये बूद्रोने त्याला बदली बॅटर म्हणून पाठवलं. एक फटका खणखणीत बसला, पण फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला. मग तो स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. रात्री संघ आपल्या हॉटेलात गेला आणि डोबीला कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या ड्युसाबल हॉटेलात उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्या बेसवर खेळायला सांगितलं. त्या जागेला वेगळा ग्लव्ह लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. तो मिळवायलाही मध्यस्थी करावी लागली. त्या सामन्यात त्याने पहिला हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला आणि एक धाव आणली. त्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेला त्याचा तो एकमेव सामना. वर्षअखेर हिशेब असा: २९ सामने, ३२ संधी, ५ हिट, सरासरी .१५६.

७. पहिला रॉबिन्सनच होता ना? मग अकरा आठवड्यांनी आलेल्या माणसाचं एवढं काय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा आहे, आणि या पानाचं कारणही हाच. रॉबिन्सनचं मोठेपण निर्विवाद आहे. पण 'दुसरा' म्हणजे 'सोपा' असं धरून चालणं डोबीवर अन्याय करणारं आहे. दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहा.

डॉजर्सनी रॉबिन्सनशी करार केला १९४५ मध्ये. १९४६ चं अख्खं वर्ष तो माँट्रियलला डॉजर्सच्या दुय्यम संघात खेळला. त्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं. मग १९४७ चा सराव हंगाम, मग १५ एप्रिलला पहिला सामना. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. डोबी तेविशीत होता आणि त्याला काय मिळालं ते प्रश्न ६ मध्ये आहेच: आगगाडीतली एक रात्र.

दुसरी गोष्ट, दोन्ही लीग त्या काळी खऱ्या अर्थाने वेगळ्या होत्या. रॉबिन्सन नॅशनल लीगमध्ये होता. अमेरिकन लीगचे संघ, त्यांची मैदानं, त्यांचे प्रेक्षक, त्यांची हॉटेलं यांच्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला तो डोबी. रॉबिन्सनने उघडलेलं एकही दार तिथे आयतं उघडलं नाही. वॉशिंग्टन आणि सेंट लुइससारख्या शहरांत सहकारी एका हॉटेलात आणि तो दुसरीकडे, असं पुढे कित्येक वर्षं चाललं. वसंतातला सराव ॲरिझोनातल्या टूसॉनला व्हायचा. तिथल्या हॉटेलानेही त्याला खोली दिली नाही; तो एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे राहायचा. एकदा घसरत दुसऱ्या बेसवर पोहोचला तेव्हा प्रतिस्पर्धी खेळाडू त्याच्या अंगावर तंबाखू थुंकला. यावर उलट बोलायचं नाही, पंचाशी वाद घालायचा नाही, हात उचलायचा नाही, अशी व्हेकची ताकीद होती. रॉबिन्सनला अशीच ताकीद होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, डोबीला होती हे फार थोड्यांना.

तिसरी गोष्ट स्वभावाची. रॉबिन्सन बोलका होता, लढवय्या होता, वार्ताहरांना त्याच्याकडे बातमी मिळायची. डोबी अबोल. मनात ठेवणारा. त्याची ओळख करून देताना वर्तमानपत्रांना 'दुसरा' हा शब्द पुरेसा वाटला आणि तो शब्द जन्मभर चिकटला. दोघे मात्र एकमेकांशी फोनवर बोलत असत. आपल्याला होतो तो त्रास समजू शकेल असा तेव्हा देशात दुसरा एकच माणूस आहे, हे दोघांना माहीत होतं.

८. तो दुसऱ्या बेसवरचा खेळाडू होता. मग सेंटर फिल्डर कसा झाला?

दुसऱ्या बेसवर गॉर्डन होता आणि तो हलणार नव्हता. १९४७ च्या अखेरीस डोबीला सांगण्यात आलं की संघात राहायचं तर आउटफिल्ड शिक. मोठ्या लीगमध्ये टिकण्याची धडपड चालू असतानाच संपूर्ण नवी जागा शिकायची, हे केवढं अवघड होतं याचा विचार करा.

१९४८ च्या सरावात त्याला शिकवायला ट्रिस स्पीकर आला. स्पीकर स्वतः बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सेंटर फिल्डरांपैकी एक, क्लीव्हलंडचाच जुना कर्णधार. चेंडू बॅटला लागल्याच्या आवाजावरून पहिलं पाऊल कुठे टाकायचं, मैदानात किती पुढे उभं राहायचं, हे त्याने बारकाईने शिकवलं. डोबीकडे वेग होता, हात होता. सुरुवातीला चुका झाल्या, पण हंगाम संपेपर्यंत सेंटर फिल्डची जागा त्याची होती. सरासरी .३०१, होम रन १४.

९. १९४८ च्या वर्ल्ड सिरीजमधला तो मिठीचा फोटो कसला?

त्या वर्षी क्लीव्हलंड आणि बोस्टन रेड सॉक्स बरोबरीत संपले. निर्णायक सामना क्लीव्हलंडने जिंकला आणि वर्ल्ड सिरीजमध्ये समोर आला बोस्टनचाच दुसरा संघ, ब्रेव्ह्ज. ९ ऑक्टोबरला क्लीव्हलंडच्या अवाढव्य स्टेडियममध्ये ८१,८९७ प्रेक्षकांसमोर चौथा सामना झाला. तिसऱ्या इनिंगमध्ये डोबीने जॉनी सेनच्या चेंडूवर होम रन मारला. वर्ल्ड सिरीजमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला हा पहिला होम रन. सामना २-१ असा सुटला, म्हणजे तोच होम रन निर्णायक ठरला.

विजयी पिचर (चेंडू टाकणारा) होता स्टीव्ह ग्रोमेक, गोरा. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याने डोबीला गालाला गाल लावून मिठी मारली. दोघांचे चेहरे हसून फुटायला आलेले. छायाचित्रकाराने तो क्षण टिपला आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला. १९४८ सालच्या अमेरिकेत असं चित्र लोकांनी पाहिलंच नव्हतं. ग्रोमेकला त्यापायी बोलणी खावी लागली. डोबी मात्र आपल्या कारकिर्दीतल्या आनंदाच्या क्षणांमध्ये होम रनपेक्षाही त्या मिठीला वरची जागा द्यायचा. ज्या ड्रेसिंग रूममध्ये पंधरा महिन्यांपूर्वी हात पुढे आले नव्हते, तिथे आलेली मिठी होती ती.

क्लीव्हलंडने मालिका ४-२ जिंकली. डोबीची सरासरी .३१८. तो आणि त्याच वर्षी संघात आलेला बेचाळीस वर्षांचा पिचर सॅचेल पेज हे वर्ल्ड सिरीज जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. क्लीव्हलंडने त्यानंतर आजतागायत वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही.

१०. त्याची सर्वोत्तम वर्षं कोणती?

१९५०, १९५२ आणि १९५४. पैकी १९५० मला स्वतःला सर्वांत भरीव वाटतं: सरासरी .३२६, होम रन २५, आरबीआय १०२ आणि बेस गाठण्याचं प्रमाण .४४२, लीगमध्ये सर्वाधिक.

१९५२ मध्ये ३२ होम रन मारून तो लीगमध्ये पहिला आला. दोन्हींपैकी कोणत्याही लीगमध्ये होम रनचं अव्वल स्थान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. दुसऱ्या क्रमांकावर ३१ होम रनसह त्याचाच सहकारी ल्यूक ईस्टर होता, तोही कृष्णवर्णीय. त्याच जूनमध्ये बोस्टनला डोबीने एकाच सामन्यात एका बेसचा, दोन बेसांचा, तीन बेसांचा फटका आणि होम रन असे चारही मारले. आरबीआयमध्ये तो १०४ वर थांबला; सहकारी अल रोझन १०५ वर होता.

१९५४ मध्ये पुन्हा ३२ होम रन आणि १२६ आरबीआय, दोन्हींत लीगमध्ये पहिला. क्लीव्हलंडने १११ सामने जिंकले, ४३ हरले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तो जोरात बॅट फिरवायचा आणि १९५२ व १९५३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक वेळा स्ट्राइकआउटही तोच झाला. टीकाकार यावरून त्याला सतत टोचत. इतक्या होम रनच्या बदल्यात तेवढे स्ट्राइकआउट आज कोणीही आनंदाने सोसेल.

११. १९५४ मध्ये त्याला एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) हा मान का मिळाला नाही?

न्यूयॉर्क यँकीजचा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) योगी बेरा २३० गुणांसह पहिला आला, डोबी २१० गुणांसह दुसरा. क्लीव्हलंडच्या एकाच संघात इतके जण चमकले होते की मतं विभागली गेली; बॉबी आव्हिला .३४१ सरासरीने लीगमध्ये पहिला होता आणि त्यालाही भरपूर गुण मिळाले. १११ सामने जिंकलेल्या संघाच्या मुख्य बॅटरला हा मान मिळायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. बेरा आणि डोबी यांच्यात मात्र यावरून कधी कटुता आली नाही. दोघे न्यू जर्सीत माँटक्लेअर या एकाच गावी राहत आणि चांगले मित्र होते.

१२. विली मेजचा तो जगप्रसिद्ध कॅच झाला तेव्हा डोबी मैदानात होता का?

होता, दुसऱ्या बेसवर. २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवी इनिंग, २-२ अशी बरोबरी. व्हिक वर्ट्झने चेंडू सेंटर फिल्डमध्ये खूप खोल मारला. जायंट्सचा सेंटर फिल्डर मेज पाठमोरा धावत गेला आणि खांद्यावरून झेल घेतला, मग गर्रकन वळून चेंडू आत फेकला. झेल झाल्यावर डोबी तिसऱ्या बेसवर जाऊ शकला, त्यापुढे नाही. चेंडू पडला असता तर त्याने आरामात धाव काढली असती. क्लीव्हलंड तो सामना दहाव्या इनिंगमध्ये हरला आणि पाठोपाठ मालिका ४-० ने. डोबीची बॅटही त्या मालिकेत थंड पडली: १६ संधींत २ हिट.

१३. एवढा चांगला होता तर क्लीव्हलंडने त्याला सोडलं कसं?

त्या काळात खेळाडूला विचारायची पद्धत नव्हती. करारातल्या कलमानुसार खेळाडूवर संघाचा कायमचा हक्क असायचा आणि संघ त्याला हवं तिथे पाठवू शकत असे. दुखापतींनी डोबीचा वेग कमी होत होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये क्लीव्हलंडने चिको कारास्केल आणि जिम बझ्बी यांच्या बदल्यात त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं. पुढच्याच वर्षी त्याने तिथे २४ होम रन आणि १०२ आरबीआय केले.

नंतरची धावपळ अशी: डिसेंबर १९५७ मध्ये बाल्टिमोर (तिथे एकही अधिकृत सामना न खेळता), १९५८ च्या हंगामाआधी परत क्लीव्हलंड, १९५९ च्या मार्चमध्ये डेट्रॉइट, मे महिन्यात पुन्हा व्हाइट सॉक्स. शेवटचा सामना २६ जुलै १९५९. त्यानंतर दुय्यम संघात खेळताना घोटा मोडला आणि मोठ्या लीगचं दार कायमचं बंद झालं.

१४. तो मारामारी करायचा असं वाचलं. खरं का?

एक प्रसंग खरा आहे. १३ जून १९५७ रोजी कॉमिस्की पार्कमध्ये यँकीजचा पिचर आर्ट डिटमार याने डोबीच्या डोक्याच्या रोखाने चेंडू टाकला. डोबी खाली पडून वाचला. त्यानंतर दोघांत बाचाबाची झाली आणि डोबीने डाव्या हाताचा ठोसा लगावला. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि मोठी धुमश्चक्री झाली.

एका प्रसंगावरून त्याला भांडखोर म्हणणं चूक आहे. १९४७ पासून दहा वर्षं त्याने काय काय गिळलं हे प्रश्न ७ मध्ये वाचा, मग या ठोशाकडे पाहा.

१५. तो जपानमध्येही खेळला होता?

हो, १९६२ मध्ये. नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स संघाने त्याला आणि डॉजर्सचा जुना पिचर डॉन न्यूकोम्ब याला एकत्र बोलावलं. मोठ्या लीगमध्ये नाव कमावून जपानी बेसबॉलमध्ये गेलेल्या पहिल्या काही खेळाडूंत हे दोघे येतात. डोबी तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि तीन वर्षं खेळापासून दूर होता. ७२ सामन्यांत १० होम रन झाले.

१६. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर तोच का?

नाही, तिथेही तो दुसरा, आणि दोन्ही वेळा पुढे असलेल्या माणसाचं आडनाव रॉबिन्सन. १९७४ मध्ये डोबी क्लीव्हलंडचा कोच होता. मॅनेजरची जागा रिकामी होणार होती आणि त्याला तिची आशा होती. ती फ्रँक रॉबिन्सनला मिळाली आणि १९७५ मध्ये तो मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला.

डोबीची पाळी आली ३० जून १९७८ रोजी, व्हाइट सॉक्समध्ये. मालक कोण? तोच बिल व्हेक. ज्याला हटवून त्याला नेमलं तो बॉब लेमन, म्हणजे १९४८ च्या विजेत्या संघातला त्याचा सहकारी पिचर. संघ कमकुवत होता; डोबीच्या हाताखाली ३७ जिंकले, ५० हरले. हंगाम संपल्यावर त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. लेमन त्याच वर्षी यँकीजकडे गेला आणि वर्ल्ड सिरीज जिंकला. ८७ सामन्यांवर कोणत्याही मॅनेजरची परीक्षा होत नाही, आणि डोबीला तेवढेच मिळाले.

१७. कुठे २५३ होम रन दिसतात, कुठे जास्त. बरोबर आकडा कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, मोजणी वेगळी आहे. अमेरिकन लीगमधले १३ हंगाम धरले तर १,५३३ सामने, १,५१५ हिट, २५३ होम रन, ९७० आरबीआय, सरासरी .२८३. हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली ती या आकड्यांवर.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्यामुळे न्यूअर्क ईगल्सकडून केलेली कामगिरीही आता त्याच्या खात्यात धरली जाते आणि बेरीज वाढते. तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच मोजणी वापरा. या पानावर सगळीकडे अमेरिकन लीगचे आकडे आहेत.

१८. 'अमेरिकन लीगमधला पहिला', 'आधुनिक काळातला दुसरा' हे बारीक भेद कशासाठी?

कारण ते गाळले की चूक होते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलिडोकडून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता. नाव सारखं वाटलं तरी ती अमेरिकन लीग नव्हे. अमेरिकन लीग मोठी लीग झाली १९०१ मध्ये. वॉकरनंतर गोऱ्या मालकांच्या अलिखित बंदीने दार बंद झालं ते १९४७ पर्यंत. म्हणून रॉबिन्सन आधुनिक काळातला पहिला, डोबी दुसरा. डोबीनंतर बारा दिवसांनी, १७ जुलै १९४७ रोजी, सेंट लुइस ब्राउन्सकडून हँक थॉम्पसन खेळला.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डोबी आल्यावर अमेरिकन लीग भराभर खुली झाली असा समज आहे. तसं झालं नाही. यँकीजनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला १९५५ मध्ये, डेट्रॉइटने १९५८ मध्ये. सर्वांत शेवटचा संघ बोस्टन रेड सॉक्स; त्यांचा पम्प्सी ग्रीन पहिल्यांदा मैदानात उतरला २१ जुलै १९५९ रोजी. डोबीचा शेवटचा सामना त्यानंतर पाच दिवसांनी झाला. म्हणजे लीगमधल्या प्रत्येक संघात किमान एक कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला डोबीची संपूर्ण कारकीर्द जावी लागली.

१९. हॉल ऑफ फेममध्ये जायला १९९८ का उजाडलं?

निवृत्तीनंतर पत्रकारांच्या मतदानात त्याला नगण्य मतं पडली. ७५ टक्के लागतात, त्याच्या आसपासही तो गेला नाही. कारकीर्द तुलनेने लहान होती आणि एकूण आकडे छाती दडपणारे नव्हते. पण कारकीर्द लहान का झाली? बंदी, युद्धातली वर्षं आणि ३२ संधींवर आटोपलेला १९४७ चा हंगाम यांचा हिशेब कोणी मांडला नाही. शेवटी ज्येष्ठांच्या समितीने १९९८ मध्ये त्याला निवडलं. त्याआधी, १९९४ मध्ये, क्लीव्हलंडने त्याचा १४ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला होता. १८ जून २००३ रोजी माँटक्लेअरमध्ये त्याचं निधन झालं.

२०. त्याच्या खुणा आज कुठे पाहता येतील?

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी पॅटरसनला जावं. एडिसन किंवा जर्सी सिटीहून एका दिवसात आरामात होतं. धबधब्याजवळचं १९३२ मधलं हिंचलिफ स्टेडियम अनेक वर्षं पडीक होतं, दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. शाळकरी डोबी इथे फुटबॉल खेळला आणि ईगल्सच्या निवड चाचणीत उतरला तोही इथेच. निग्रो लीगचे संघ जिथे खेळले अशी फार थोडी स्टेडियमं आता उभी आहेत, त्यांतलं हे एक. गावातल्या ईस्टसाइड पार्कमध्ये त्याच्या नावाचं मैदान आणि पुतळा आहे.

क्लीव्हलंडला प्रोग्रेसिव्ह फील्डबाहेर २०१५ मध्ये बसवलेला पुतळा आहे आणि जवळचा रस्ता २०१२ पासून 'लॅरी डोबी वे' या नावाने ओळखला जातो. २०१२ मध्येच अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेममध्ये त्याची पाटी आहे. काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा २०१८ मध्ये झाला. पदक प्रत्यक्ष दिलं गेलं १३ डिसेंबर २०२३ रोजी, त्याच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, आणि ते त्याच्या मुलाने स्वीकारलं.